वाचलेलं सांगताना, जुनं शोधताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अलीकडे वाचलेल्या पुस्तकांची यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे 'छान', 'अप्रतिम', 'जरूर वाचा' असा शेरा. तू इतकं वाचतेस याचा फार आनंद झाला. पण त्या शेऱ्यांवरून मी एकही पुस्तक शोधायला निघणार नाही. ते पुस्तक तुला कशामुळे सोडवेना, हे मला कळायला हवं. पुस्तक कशाबद्दल आहे, कुठे वेग मंदावतो, कुणाला वाचायला देशील आणि कुणाला अजिबात देणार नाहीस, एवढं चार ओळींत लिही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दलही लिही. ती का सुटली हे प्रामाणिकपणे सांगणारा वाचक भेटला, की त्याच्या कौतुकावर जास्त विश्वास बसतो.

अनुवादित पुस्तकाचं नाव अनुवादकाशिवाय कधीच सांगू नकोस. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद वाचताना दोन निराळी पुस्तकं वाचल्यासारखं वाटू शकतं, आणि जुन्या अनुवादांतले बरेचसे संक्षिप्त असतात. तू ज्याच्यावर खूश झालीस तो पूर्ण अनुवाद, आणि तुझं ऐकून दुसऱ्याने मिळवला तो कापलेला, असं झालं तर दोष ना त्याचा ना पुस्तकाचा. प्रकाशक, वर्ष आणि आवृत्तीही टिपून ठेव. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असेल तर उत्तमच. जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे नेमकी कुठली प्रत हवी ते विक्रेत्याला पटकन कळतं. १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर मात्र हा क्रमांक नसतोच. तिथे बाकीच्या नोंदीच कामी येतात, म्हणून हव्या असलेल्या पुस्तकांची शोधयादी कायम सोबत बाळग. जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर उभं राहिल्यावर नेमकं हवं ते नाव आठवत नाही.

हाती आलेली प्रत घाईने घेऊ नकोस. आधी श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, वर्ष, आवृत्ती छापलेलं सुरुवातीचं पान, पाहा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक आहे: पुनर्मुद्रणात सहसा मजकूर तोच राहतो, नव्या आवृत्तीत लेखकाने भर घातलेली किंवा काही वगळलेलं असू शकतं. मग पानं क्रमाने चाळ. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलं जातं, आणि फर्मा बहुधा सोळा पानांचा असतो. बांधणीत गफलत झाली की अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा येतो. रहस्यकथेत ऐन शेवटाचा फर्मा नसल्याचं घरी आल्यावर कळणं फार वाईट. नकाशे, चित्रपानं, सूची जागेवर आहेत ना, तेही बघ. बांधणी शिवलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते. नुसत्या डिंकाने चिकटवलेली असेल तर डिंक सुकून पानं मोकळी होतात, म्हणून पुस्तक मधोमध हळूच उघडून पाहा, कणा दाबून नव्हे.

पानं पिवळी आहेत म्हणून मागे सरू नकोस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून कागद मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्या लगद्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आणि कागद बनवताना वापरलेल्या तुरटीमुळे राहिलेलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. पिवळेपणा चालतो, ठिसूळपणा चालत नाही. पानाचा कोपरा अगदी अलगद वाकवून बघ. तडकायला लागला तर ते पुस्तक रोजच्या वाचनाचं राहिलं नाही. कुबट वास आणि मखमली ठिपके असतील तर मात्र मोह आवर, कारण ती बुरशी असते आणि शेजारच्या पुस्तकांवरही जाते. बारीक छिद्रं किंवा ताजा भुसा दिसला तर कीड लागलेली समज. अशी प्रत हवीच असेल तर पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव, आणि बाहेर काढल्यावर नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नकोस, नाहीतर कागदावर दव धरतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस. काही वर्षांत ती तपकिरी डाग सोडते.

समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मला आवडतात. आधीच्या वाचकाला कुठे प्रश्न पडला ते दिसतं. शाईने ओळीन् ओळ अधोरेखित केलेली प्रत मी घेत नाही, त्यात दुसऱ्याचंच वाचन आपल्या डोळ्यांसमोर राहतं.

कथा, कविता, चरित्रं, पत्रसंग्रह जुने खुशाल घे. कायदा, करविषयक, औषधोपचार, संगणक यांवरची जुनी पुस्तकं अभ्यासासाठी घेऊ नकोस, त्यांतली माहिती बदललेली असते. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. जुन्या प्रतीच्या विक्रीतून लेखकाला काहीही मिळत नाही. म्हणून जो लेखक आज लिहितो आहे आणि ज्याचं पुढचं पुस्तक तुला हवं आहे, त्याचं पुस्तक जमेल तेव्हा नवंच घे. जुन्या पुस्तकांचा शोध खरा उपयोगी पडतो तो आता छापल्या न जाणाऱ्या पुस्तकांसाठी. ती विक्रीला मिळाली नाहीत तर ग्रंथालयात विचार, तिथेही नसतील तर वाचणाऱ्या माणसांना विचार. कुणाच्या तरी कपाटात ते पुस्तक असतं, फक्त ते कुणाला हवं आहे हे त्या माणसाला माहीत नसतं.

पुढच्या पत्रात यादीतल्या कुठल्याही दोन पुस्तकांबद्दल सविस्तर लिही, आणि तुझी शोधयादीही पाठव. माझी यादी सोबत जोडली आहे. त्यातलं काही तुझ्या हाती लागलं, तर विकत घेण्याआधी आवृत्ती तेवढी कळव.

कळावे,
तुझ्या वाचनावर लक्ष ठेवून असलेलं
एक वडीलधारं माणूस