सीएमएलची गोळी चालू असताना मूल हवे असेल तर

प्रश्न : माझे वय २९ आहे. साडेचार वर्षांपूर्वी मला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून मी इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. पीसीआर या रक्तचाचणीच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराच्या जनुकाचे प्रमाण, ०.०४ टक्के आले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा गोळी दोन-तीन महिने बंद ठेवावी आणि दिवस राहिले की पुढचे पुढे बघावे. हे योग्य आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आत्ता तरी नाही. तब्येत ठणठणीत आहे ती गोळीमुळे, आणि तुमचा ०.०४ हा आकडा चांगला असला तरी गोळी थांबवण्यासाठी तो पुरेसा नाही. रिपोर्टवर ‘आयएस’ या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीनुसार दिलेला आकडा ०.०१ टक्के किंवा त्याहून कमी असावा आणि तो किमान दोन वर्षे तसाच टिकलेला असावा, तरच आम्ही औषध थांबवण्याचा विचार करतो. एवढे साधलेल्या रुग्णांपैकीही सुमारे निम्म्यांमध्ये आजार पुन्हा डोके वर काढतो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून त्या काळात दर महिन्याला पीसीआर करावी लागते. तुमच्या हाताशी वेळ आहे. इमॅटिनिबऐवजी निलोटिनिब किंवा डासॅटिनिबसारखे अधिक प्रभावी औषध देऊन आकडा लवकर खाली आणता येईल का, हे तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना आजच विचारा. मूल हवे आहे हे त्यांना ठाऊकच नसेल, तर ते ही आखणी करणार तरी कशी?

तोवर गर्भनिरोधन कटाक्षाने पाळावे. गर्भाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात आणि नेमकी तेव्हाच ही औषधे घातक ठरू शकतात. इमॅटिनिब घेत असताना दिवस राहिलेल्या १८० स्त्रियांची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२५ जणींच्या गर्भारपणाचे पुढे काय झाले ते कळले. निम्म्या जणींना निरोगी बाळे झाली, मात्र १२ गर्भांमध्ये व्यंगे आढळली, आणि काहींत हाडे, मूत्रपिंडे व बेंबीजवळची पोटाची भिंत यांतील दोष एकत्र होते. त्यामुळे पाळी चुकली आणि चाचणी होकारार्थी आली, तर घाबरून परस्पर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवण्याविषयी विचारावे आणि गर्भाच्या रचनेची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास करून घ्यावी. डासॅटिनिब वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, त्यामुळे त्याबाबत तर अधिकच सावध राहावे.

गरोदरपणात आकडा वाढला, तरी लगेच औषध लागतेच असे नाही. पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला एक लाखाच्या आत आणि प्लेटलेट पाच लाखांच्या आत असतील, तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवून नऊ महिने पार पडतात. त्यापुढे गेल्यास इंटरफेरॉनची इंजेक्शने किंवा यंत्राद्वारे पांढऱ्या पेशी काढून टाकणे हे मार्ग आहेत. पेशी कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध मात्र टाळतात. प्रसूतीनंतर गोळी पुन्हा सुरू करावी लागली, तर अंगावर पाजणे थांबवावे लागेल, कारण औषध दुधात उतरते. आकडा खालीच राहिला, तर काही महिने निश्चिंतपणे पाजता येईल. हा हिशेब रक्तविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांनी एकत्र बसून करायचा असतो, आणि दुर्दैवाने आपल्याकडे तेवढेच घडत नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून सीएमएलसाठी डासॅटिनिब घेतो. आम्हाला मूल हवे आहे. मी गोळी बंद करू का, आणि हा आजार बाळात उतरेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : गोळी बंद करू नका. इमॅटिनिब, निलोटिनिब व डासॅटिनिब घेणाऱ्या पुरुषांच्या अपत्यांत व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसलेले नाही. बोसुटिनिब आणि पोनॅटिनिब यांविषयीची माहिती मात्र तोकडी आहे, त्यामुळे औषध बदलले तर पुन्हा विचारा. आजाराला कारण ठरणारे फिलाडेल्फिया गुणसूत्र जन्मानंतर केवळ रक्तपेशींच्या मूळ पेशीत तयार होते, शुक्राणूंत नसते; म्हणून ते मुलांकडे जात नाही. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पेशी कमी करण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया दिले जात असेल, तेव्हा मात्र मुलासाठी प्रयत्न करू नयेत, कारण त्याचा परिणाम शुक्राणूंवर होतो.