देव बघतोय ना, मग असं का?

प्रश्न: आमचे यंत्रमाग बंद पडलेत, टॉवेलच्या ऑर्डरी नाहीत, बँकेचे हप्ते थकलेत. समोरचा माणूस कामगारांचे पैसे बुडवून वरचा मजला चढवतोय. रोज प्रार्थना करते पण भरवसाच उरला नाही. – एक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, हेच बायबलमधल्या आसाफ या स्तोत्रकाराने देवाला तोंडावर विचारलंय, स्तोत्र 73 काढून बघा, दुष्टांची भरभराट बघून त्याला हेवा वाटला, आपण मन शुद्ध ठेवलं ते फुकटच गेलं असं तो सरळ म्हणतो, आणि हे बायबलमध्ये तसंच ठेवलंय याचा मला फार आधार वाटतो. मग 17व्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथून बघायला लागतो. बाहेर काही बदलल्याचं स्तोत्रात कुठंच नाही हं, पण त्या लोकांचा शेवट त्याला दिसला, आणि देवाने आपला उजवा हात धरलाय हेही दिसलं (वचन 23). तुम्ही समोरच्याचा मजला बघून स्वतःचा हिशोब मांडताय, त्यात देवाला धरलेलंच नाही. आज प्रार्थनेत हप्त्याचा आकडा, राग, हेवा सगळं स्पष्ट बोला. आणि मिस्टरांसोबत बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का विचारा, चर्चच्या पाळकसाहेबांनाही घरी बोलवा, एकट्यानं सोसू नका.