ग्रोनिंगनला निघण्याआधी

नागपुरातून एमएस्सी, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये ग्राफीनमधल्या स्पिनवर पीएचडीची जागा, सोबत नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. जावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा-पगाराचं विद्यापीठ कळवेलच.

विषय सुंदर आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं इवलंसं, दिशा असलेलं चुंबकत्व. स्पिन ग्राफीनमधून खोलीच्या तापमानाला मायक्रॉनभर जातो, हे तिथल्याच गटानं 2007 मध्ये दाखवलं. कार्बन हलका, त्याच्या बहुतेक अणुकेंद्रांना स्वतःचा स्पिन नाही, म्हणून इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा सहज बिघडत नाही. ग्राफीनला चुंबक आणि अतिसंवाहक (रोधाशिवाय वीज वाहू देणारा पदार्थ) दोन्ही जोडले की झटापट सुरू होते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वाहतात; त्या जोडीचे स्पिन परस्परविरुद्ध असतात, चुंबक दोघांना एकाच दिशेला ओढतो आणि जोडी तुटते. एकाच दिशेच्या स्पिनांची जोडी साधली, तर रोधाशिवाय स्पिन वाहून नेता येईल. अॅल्युमिनियम 1.2 केल्विनखालीच अतिसंवाहक होतं, तेव्हा रात्री इतकी थंडी देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजपाशीच जातील. मला त्या रात्री आजही हव्याशा वाटतात.

कागदांचं मात्र आत्ताच बघा. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टसारखंच आहे ना? आमच्या दाखल्यात एक अक्षर वेगळं होतं. दुरुस्ती, मग राज्याचं साक्षांकन, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. प्रत्येक खिडकीवर ‘उद्या या’. बाप्पा, अख्खा उन्हाळा त्यात गेला.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, आणि माझं सगळं तिथेच अडकलंय. तिकडे बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सल्ला देते: मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या वेवेओत जाणार, की खालच्या प्रवाहात. धरमपेठेत असताना वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं सोडवणारी माझी मुलगी. तिची डच कच्ची, म्हणून शिक्षिकेनं दोन पायऱ्या खालचा सल्ला लिहिला. मी भांडले, माझंही डच तुटकंच. त्यांनी मान हलवली, कागद तसाच ठेवला. मुलगी पुढे वर चढली, आज मजेत आहे, तिला ते आठवतही नाही. मला त्या बाईंचा आवाजसुद्धा आठवतो.

तुमच्या मुलीचा सल्ला तुमच्या तिसऱ्या वर्षात येईल, नेमका मोजमापांच्या ऐन भरात. 2024 पासून, सल्ल्यानंतरच्या चाचणीचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला, तर शाळेनं सल्ला वर न्यावा असा नियम आहे. आमच्या वेळी नुसता फेरविचार होता. करारावर सही करण्याआधी गाइडना स्पष्ट विचारा, सल्ल्याच्या त्या हिवाळ्यात संध्याकाळी पाचला घरी जाता येईल का. आणि मुलीचं डच या महिन्यापासूनच सुरू करा, तिकडे पोहोचल्यावर नको.