दुबईत आई-बाबा येणार असतील तर

आई-बाबा आणि मुलं एकत्र फिरणार म्हणतोस, तर तिकिटं काढायच्या आधी महिना बघ. मे ते सप्टेंबर उघड्यावरचं काहीही ठरवू नकोस. ग्लोबल व्हिलेज (देशोदेशीच्या दुकानांची मोठी जत्रा) आणि मिरॅकल गार्डन (फुलांची बाग) तर उन्हाळ्यात बंदच असतात. त्या दिवसांत आयएमजी वर्ल्ड्स हे थीम पार्क बरं, कारण ते पूर्ण छताखाली आहे. मोशनगेट आणि लेगोलँड हे दोन थीम पार्क जेबेल अली भागाच्या पलीकडे एकाच आवारात आहेत, पण मेट्रो तिथवर जात नाही. जाण्या-येण्याचा टॅक्सीचा खर्च आधीच धर.

मुलांची उंची घरीच मोज. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते आणि दारातून परत फिरलेलं पोर दिवसभर हिरमुसलेलं राहतं. आमच्या धाकटीचं तसंच झालं होतं, अजून वाईट वाटतं.

स्की दुबई, म्हणजे छताखालचं बर्फाचं मैदान, मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये आहे, मेट्रो थेट तिथे उतरवते. आत तापमान शून्याखाली असतं. जॅकेट, बूट मिळतात, तरी हातमोजे घरचे घेऊन जा.

२०२२ पासून इथे आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारची झाली आहे, त्यामुळे गर्दी टाळायला मंगळवार-बुधवार गाठ. आणि एका दिवसात दोन पार्क मुळीच नको, आई-बाबांचे गुडघे बोलू लागतात. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेव. खाडीवर अब्रात, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, बसवून देरा काठावरून समोरच्या बर दुबईला ने. माझ्या आईला सगळ्या सहलीत तेवढंच आठवतं.