जुन्या पिकअपला टर्बो बसवायच्या आधी हे बघ

भावा, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) घ्यायच्या आधी इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का, ते चेक करून घे, ऑइल खाणाऱ्या इंजिनला टर्बो लावलास तर सगळे पैसे पाण्यात. तुझ्या महिंद्राचं २५२३ सीसीचं साधं, बिनटर्बोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन आहे ना, मग बरंय, ह्याच इंजिनात कंपनीचा टर्बो पण यायचा, त्यामुळे त्याचा मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून टर्बोत नेणारा पाइप) भंगारात शोध, वेल्डिंगचे जुगाड नको.

खरा खेळ ऑइलचा आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे मारतो आणि तो टिकतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर, म्हणून टर्बोतलं ऑइल परत नेणारा रिटर्न पाइप जाड घे आणि सरळ उताराने इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये सोड, तोही ऑइल लेव्हलच्या वर, मध्ये बाक आला की ऑइल तुंबतं, सीलमधून गळतं आणि मागून निळा धूर सुरू. पहिल्यांदा चालू करताना टर्बोत थोडं ऑइल ओत, इंजिन बंद करायचा स्टॉप खेचून धर आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मार.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) नसेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, अर्ध्या बारच्या आसपासच ठेव. इंजिनच्या डिझेल पंपातून येणारं डिझेल लगेच वाढवू नको प्लीज, लोक इथेच पिस्टन वितळवतात! एक्झॉस्ट टेंपरेचरचा मीटर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डवरच लाव, लोड घेऊन घाट चढताना काटा ७०० डिग्रीकडे जायला लागला की पाय काढ. घाट चढून आल्यावर लगेच बंद पण करायची नाही, दोन मिनिटं आयडलवर राहू दे.

आणि आरटीओत आधी विचार, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालत नाहीत, इन्शुरन्सचा क्लेमही अडकू शकतो.