सेल्फ मारला की कम्प्युटर झोपतो : जुन्या जिप्सीचं वायरिंग

भावा, तो इंजिनचा कम्प्युटर परत पाठवू नकोस. निदान हा रविवार जाऊ दे.

तुझं दुखणं मला समजलं ते असं. 1997 ची कार्बोरेटरवाली जिप्सी किंग. तिच्यात भंगारातून आणलेलं 1.3 लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं इंजिन. मूळ ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनचा कम्प्युटर) मिळाला नाही आणि त्याचं वायरिंगही कुणीतरी कापून नेलेलं, म्हणून बाहेरचा प्रोग्रॅमेबल ईसीयू घेतलास. खानापुरातल्या वायरमनने गाडीच्याच जुन्या वायरिंगमध्ये रंग बघून जोडाजोड केली. चावी ऑन केली की लॅपटॉपवर सगळे आकडे दिसतात, सेल्फ मारला की स्क्रीन गप्प, सेल्फ सोडला की परत जिवंत. वायरमन म्हणतो कम्प्युटर फॉल्टी आहे.

फॉल्टी कम्प्युटर असा ठरवून, सेल्फच्याच वेळी झोपत नाही. त्याला त्या दोन सेकंदांत जेवण मिळत नाहीये, एवढंच. हाताशी एक टेस्ट लॅम्प घे. ईसीयूच्या बारा व्होल्टच्या पिनेवर लाव, दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांग. दिवा पूर्ण विझला तर तुझ्या वायरमनने चावीच्या स्विचमधली चुकीची लाइन पकडलीय. स्विचमधून दोन लाइनी निघतात. एक इग्निशनची, जी सेल्फच्या वेळीही चालू राहते. दुसरी ॲक्सेसरीची, म्हणजे रेडिओची, जी सेल्फ मारताना मुद्दाम बंद होते, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. चावी ऑन करून टेस्ट लॅम्प लावला की दोन्ही सारख्याच पेटतात. वायरमनने तेवढंच बघितलं असणार. आणखी एक : काही जुन्या गाड्यांत ठिणगी बनवणाऱ्या कॉइलच्या लाइनमध्ये बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा रोधक असतो. तिथून वीज घेतली असेल तर आकडा आधीच कमी मिळतो, त्यात सेल्फचा दणका.

दिवा विझला नाही, नुसता मंदावला, तर मल्टिमीटर काढ. सेल्फ चालू असताना आधी थेट बॅटरीच्या दोन टोकांवर मोज. चांगल्या बॅटरीला साडेनऊ व्होल्टच्या खाली जायचं कारण नाही. मग ईसीयूच्या प्लस आणि मायनस पिनांमध्ये मोज. बॅटरीवर साडेदहा आणि पिनेवर आठ दिसलं, तर मधले अडीच व्होल्ट तुझं वायरिंग खातंय. कुठे खातंय ते शोधायला लाल प्रोब ईसीयूच्या ग्राउंड (म्हणजे अर्थिंगच्या) पिनेवर, काळी बॅटरीच्या मायनसवर ठेव आणि परत सेल्फ मार. इथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून हे करताना इंजेक्टरचा फ्यूज काढून ठेव.

अर्थिंगवर मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझे दोन आठवडे आणि एका नवीन कम्प्युटरचे पैसे त्यात गेलेत. माझ्या जिप्सीलाही असंच इंजिन बसवलं तेव्हा हौसेने चॅसीला, ब्रॅकेटला सगळीकडे पावडर कोटिंग करून घेतलं होतं. काळंभोर, चकचकीत. आणि इंजिनची अर्थ पट्टी त्याच कोटिंगवर बोल्ट मारून घट्ट आवळली. सेल्फ जड फिरायचा, आरपीएमचा आकडा शून्य ते चार हजार नाचायचा. मी ईसीयू बदलला, तरी तेच. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखान्यातला कन्नड इलेक्ट्रिशियन संध्याकाळी सुटल्यावर घरी आला. माझं सगळं पुराण ऐकून घेतलं. मला सेल्फ मारायला लावून त्याने ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. केबल तापली होती! मग म्हणाला, "अर्थ इल्ला." म्हणजे अर्थिंग नाही. माझ्या मराठी कानाला वाटलं, हा म्हणतोय यात काही अर्थच नाही. खरं म्हणजे दोन्ही बरोबर होतं.

झालं होतं असं की सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पियर ओढतो आणि ती सगळी वीज इंजिनच्या ब्लॉकमधून बॅटरीच्या मायनसला परत जायला हवी. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं, पट्टीखाली कोटिंग. मग वीज मिळेल त्या वाटेने गेली : ॲक्सिलरेटरची केबल, ईसीयूची बारीक ग्राउंड वायर. पहिल्या ईसीयूच्या बोर्डावरचा ग्राउंडचा ट्रॅक आतून काळा पडला होता, तो मी नंतर उघडून बघितला. तेव्हा बॅटरीच्या मायनसमधून एक जाड केबल थेट इंजिनच्या ब्लॉकवर आण, दुसरी बॉडीवर. जिथे बोल्ट मारशील तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा दिसू दे, मग आवळ आणि वरून ग्रीस फास. ईसीयूची ग्राउंड वायरही ब्लॉकवर, एकाच बोल्टला. डॅशबोर्डाखालच्या कुठल्यातरी स्क्रूला नको.

आणि सेन्सरचं ग्राउंड वेगळं. थ्रॉटल, पाण्याचं तापमान, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर) या सगळ्यांची ग्राउंड वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडच्या पिनेवरच परत गेली पाहिजे. ती बॉडीला ठोकली की पंखा चालू झाला तरी तापमानाचा आकडा हलतो. क्रँक सेन्सरची (इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या सेन्सरची) वायर जाळीवाली घे आणि जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला जोड, दुसरं टोक मोकळं. दोन्हीकडे जोडलीस तर जाळीतूनच वीज फिरायला लागते. कॉइलच्या वायरी त्याच्याबरोबर एका गुंडाळीत नकोत. प्लगही रेझिस्टरवाले हवेत, नंबरात इंग्रजी 'आर' बघून घे, नाहीतर ठिणगीचा गोंगाट थेट कम्प्युटरच्या डोक्यात जातो.

तू विचारलंस, "जुन्याच वायरिंगला जोडून चालणार नाही का?" माझं मत : नाही. पंचवीसहून जास्त वर्षांची वायर आतून हिरवी पडलेली असते, बाहेरून कळत नाही. आणि रंग जुळणं हा पुरावा नाही, एका कारखान्याचा निळा दुसऱ्याचा निळा नसतो. इंजिनचं वायरिंग नवीन, स्वतंत्र बनव. गाडीच्या जुन्या वायरिंगशी त्याची गाठ सात-आठ वायरींचीच पडते : बॅटरीचा फ्यूजमधून आलेला प्लस, इग्निशनचा प्लस, आरपीएम काटा, चेक लाइट, पंख्याचा रिले (थोड्या विजेने मोठा भार चालू-बंद करणारा स्विच), पंप आणि एसी असेल तर त्याचा सिग्नल. बाकी दिवे, हॉर्न, वायपर जसे आहेत तसे राहू देत. तापमानाच्या काट्याचा सेंडरही (काट्याचा आपला सेन्सर) जुनाच ठेव. काटा आणि ईसीयू एकाच सेन्सरवर टाकलेस तर दोघंही खोटं बोलतील.

मेन रिले चार पायांचा. 30 नंबरच्या पायाला बॅटरीचा प्लस, 87 मधून ईसीयू, इंजेक्टर, कॉइल, आणि प्रत्येकाला आपापला फ्यूज. 86 ला इग्निशन, 85 ला ग्राउंड. म्हणजे चावीच्या जुनाट स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरती वीज जाते, भार सगळा रिलेवर. तुझ्या दुखण्याचं निम्मं औषध इथेच आहे.

पेट्रोल पंपाचं काम मात्र गंमतीवर नेऊ नकोस. कार्बोरेटरचा मेकॅनिकल पंप जेमतेम पाव बार दाब देतो, इंजेक्टरला तीन बारच्या आसपास लागतो. जुनी रबरी नळी आणि साधी क्लिप तिथे टिकणार नाही. त्यात आता पंपावर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (इथेनॉल आपल्याच चिक्कोडी-अथणी पट्ट्यातल्या उसाचं असेल, पण जुन्या रबराला त्याचं कौतुक नाही). पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात दे. चावी ऑन झाली की दोन-तीन सेकंद चालेल आणि मग इंजिन फिरत असेल तरच. थेट चावीवर टाकलास आणि गाडी कुठे उलटली, तर बंद इंजिनवर तीन बारने पेट्रोल ओतत राहील.

जोड पिळून चिकटपट्टी लावायची पद्धत बंद. क्रिम्पिंगची पक्कड चांगली घे, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. घरच्या वायरिंगची वायर अजिबात नको, इंजिनच्या उष्णतेने तिचं कव्हर कडक होऊन तडकतं. तू खानापूरचा, पाऊस मी सांगायला नको. कणकुंबीच्या पावसात माझी गाडी एकदा चोर्ला घाटाच्या तोंडाशी बंद पडली, ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून वायरीच्या बाजूने ओघळून आत आलेल्या पाण्यामुळे. ते थेट ईसीयूच्या कनेक्टरमध्ये. तेव्हापासून वायर आत जायच्या आधी मी तिला खाली एक झोळ देतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला टपकतं.

हे झालं की इंजिन चालू करण्याआधी एक आकडा बघ. चावी ऑन, इंजिन बंद, मॅप सेन्सर किती दाखवतो? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब 92-93 किलोपास्कल असतो. लॅपटॉप 101 दाखवत असेल तर तू समुद्रकिनाऱ्यावर नाहीस, सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय किंवा पाच व्होल्टची लाइन बरोबर नाही. आकडा बरोबर असेल तर गोव्याला उतरून बघ, तो हळूहळू चढत जाईल. कार्बोरेटरला हे कधीच कळत नव्हतं. थंड इंजिनवर पाण्याच्या सेन्सरचा आणि हवेच्या सेन्सरचा तापमानाचा आकडाही जवळजवळ सारखाच यायला हवा.

इंजिन नंबरची आरसीवर नोंद केलीस का, ते तू लिहिलेलं नाहीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ती लागते. केए-22 च्या (बेळगाव आरटीओच्या) कचेरीत आधी विचारून घे, नंतर नाही. विमा कंपनीलाही कळव.

माझा कन्नड मित्र माझ्याकडे बघून म्हणाला होता, मोडक्या मराठीत, "कम्प्युटर बदलून काय करूलास? पहिल्यांदा अर्थ बघ की." तेव्हा आधी तो टेस्ट लॅम्प. मग सेल्फ चालू असताना बॅटरीवर किती, ईसीयूच्या पिनेवर किती आणि ग्राउंडवर किती, हे तीन आकडे इथे लिही. अर्थ पट्टी जिथे बोल्ट केलीयस त्या जागेचा फोटोही टाक, बोल्ट काढून.