गच्चीवरचा डेक: सागवान की डब्ल्यूपीसी?

भाऊ, गच्चीवर डेक, म्हणजे पट्ट्यांची जमीन, कशाचा करायचा विचारताय ना? डब्ल्यूपीसीला दुकानदार 'मेंटेनन्सच नाही' म्हणतो ते अर्धंच खरं. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा! माझा पहिला डेक गडद कॉफी रंगाचा. दिवेलागणीलाही पाय भाजायचे. शिवाय उन्हाने पट्टी लांबीत वाढते, म्हणून टोकांना फट सोडावीच लागते. माझ्या मिस्त्रीने सोडली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात पट्ट्या कमानीसारख्या उठल्या.

सागवान चंद्रपूर-गडचिरोलीचं, म्हणजे घरचंच. पण गाभ्याचं घ्या. कडेच्या पांढरट भागाला वाळवी सोडत नाही. पावसाळ्याआधी तेलाचा हात द्यायचा. राहिला तर रंग करडा पडतो, लगेच सडत नाही. ओरखडे घासून काढता येतात, डब्ल्यूपीसीत ते नीट जमत नाही.

गच्चीवर सावली असेल आणि दरवर्षी तेलपाणी होणार नसेल, तर फिक्या रंगाची, भरीव डब्ल्यूपीसी घ्या. उघड्या उन्हात मी सागवानच लावीन. आणि हो, आधी वॉटरप्रूफिंग! नंतर गळती शोधायला सगळा डेक उचकटावा लागतो.